लेकीच्या केसांचा नवस

माझ्या डोक्यावर केस नाहीत, तिशीतच गेले. म्हणून लेक बरी व्हावी यासाठी मी देवीला केस बोललो, ते लेकीचे बोललो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. त्यात बोललो त्या दिवशी तिच्याही डोक्यावर एक केस नव्हता. कॅन्सरच्या औषधांनी सगळे नेले होते. पण मी शाळेत हेडक्लार्क आहे. हातात नसलेलं कागदावर मंजूर करायची मला सवय आहे.

उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, आणि सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मऊ कुरळे केस उगवले. माझे वडील म्हणाले, देवीचं बोललेलं लांबवू नये. आमचं घर तुळजापुरात, देऊळ हाकेच्या अंतरावर, तेव्हा सबब सांगायलाही जागा नव्हती. जेवताना, तिच्यादेखतच, आम्ही दिवस ठरवू लागलो.

त्यानंतर पोर डोक्याला आईचा स्कार्फ बांधून बसू लागली. भर मे महिन्यात, झोपेतसुद्धा. केसांना हात लावू देईना, अर्धी भाकरीही खाईना. मी लगेच निदान केलं, दृष्ट लागली. मीठमिरच्या उतरवल्या. फरक पडला नाही, तेव्हा बायकोनं सोलापूरच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

बाईंनी सगळ्या घरालाच बोलावलं. आजार एका लेकराला होतो, पण भीती घरभर राहते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, माझं बीपी नॉर्मल होतं. तरी टॅग लावलेली फाईल घेऊन मी हजर झालो. त्यांनी पोरीला विचारलं, शाळा आवडते का? मी म्हणालो, आवडते. बायकोला विचारलं, झोप लागते का? मी म्हणालो, लागते. बाईंनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा न सांडता धरून बसा, तोवर बाकीचे बोलतील. वीस वर्षांच्या नोकरीत इतका सभ्य अपमान माझा कुणी केला नव्हता.

मग त्यांनी पोरीपुढं बाहुल्या मांडल्या. तिनं बाप, आई, आजोबा असे ओळीनं बसवले आणि छोटी बाहुली स्वतःच्या फ्रॉकखाली लपवली. कुणापासून लपवलीस, असं बाईंनी विचारताच तिनं बापाच्या बाहुलीवर बोट ठेवलं.

"पप्पा केस कापणार हायत," ती म्हणाली. "टक्कल झालं की परत सुया लावतेत."

पेला माझ्या पँटवर सांडला. मला लाज वाटली. दोन वर्षं मी तिचा ताप वहीत लिहीत होतो, पण तुला काय वाटतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तुझे केस तुझेच राहतील, असं मी तिथंच सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. देवी रागावली तर, असं तिनं विचारलं, आणि बाईंनी माझ्याकडं बघितलं. 

परतीच्या एसटीत तामलवाडी आल्यावर बायकोनं माझ्या मांडीवरची फाईल मिटली. मग म्हणाली, "तुमी बोललाव, तर तुमचं द्या."

माझं म्हणजे मिशी. अख्ख्या शाळेवर जिचा धाक, ती पिळदार मिशी. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडून ती उतरवून घेतली, पुडीत बांधून देवीच्या पायरीशी ठेवली, आणि स्वतःवर खूश होऊन बाजारातून घरी निघालो. आपल्याकडं बाप गेल्यावर मिशी उतरवतात, हे न्हाव्याच्या खुर्चीत मला आठवलंच नाही. शेजारच्या दुकानदारानं माझं तोंड बघून अर्धं शटर ओढलं. शाळेतले दोघं पडलेल्या चेहऱ्यानं दारात आले. ओट्यावर शेंगा खात बसलेल्या माझ्या वडिलांनीच त्यांना बसायला सांगितलं आणि विचारलं, कोण गेलं? उत्तर कळल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं.

"म्या हाय की अजून," ते म्हणाले. आणि पुढची शेंग फोडली.

या गोंधळात पोर आतून येऊन दारात उभी होती. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, बघ, देवीला पप्पांनी दिलं, आता तुझं कुणी काही मागणार नाही. ती ऐकत नव्हती, माझ्या उघड्या ओठावरून बोट फिरवत होती. दुखतंय का, म्हणाली. नाही म्हणालो. तिनं डोक्याचा स्कार्फ सोडला, माझ्या तोंडावरून घेऊन मानेमागं गाठ मारली आणि मांडीवर बसली.

"भिऊ नका पप्पा. येतेत परत."

मला रडू आलं. दोन वर्षं मी भ्यालेला होतो, आणि घरात ते तिला एकटीलाच कळलं होतं.