एका मार्काचं प्रिमरोज

लातुरात मी बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय, तेव्हा या शहरात फुलाची किंमत किती हे मला विचारा. प्रिमरोजला एक मार्क. गुलाबाला तोही नाही, कारण त्याच्यावर प्रश्न येत नाही.

बारावीच्या पुस्तकात हे प्रिमरोज एका ओळीपुरतं डोकावतं. त्याच्या काही फुलांत स्त्रीकेसराची दांडी उंच असते आणि पुंकेसर खाली दबलेले. काहींत बरोबर उलटं. फुलाला स्वतःचेच पराग सहजी लागू नयेत, म्हणून ही व्यवस्था. विद्यार्थ्यांनी नाव पाठ करायचं, योग्य पर्यायाचा गोल काळा करायचा आणि डॉक्टर व्हायचं. थंड डोंगरावरचं ते फूल आमच्या क्लासमध्ये कुणीच पाहिलेलं नव्हतं आणि त्यावाचून कुणाचा निकालही अडलेला नव्हता.

एका वर्षी देवणीकडची एक मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिला प्रश्न विचारायची वाईट सवय होती. शे-दीडशे पोरं खाली मान घालून लिहून घेत होती आणि ही उभी राहिली.

"सर, तुमी सोता पाह्यलंय का हे फूल?"

आता 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण चौकातल्या बॅनरवर माझा फोटो होता, खाली 'विषयतज्ज्ञ' असं छापलेलं. तज्ज्ञाला नाही म्हणता येत नाही. "हाव, काश्मीरला गेलो होतो तवा," मी म्हणालो. तोवर उत्तरेला मी नांदेडच्या पुढे गेलेलो नव्हतो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण एकदा थाप मारली की तपशीलही सुचायला लागतात. "एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची फुलं होती, या डोळ्यांनी पाहिली," असंही ठोकून दिलं. तिने ते लाल शाईने लिहून घेतलं.

त्या लाल शाईची मला लाज वाटली. म्हणून मी ऑनलाइन बी मागवलं. पाकिटावर पिवळी, जांभळी, गर्द लाल, पांढऱ्या काठाची, बागेसाठी मुद्दाम तयार केलेल्या जातींची फुलं होती. सूचना एकच: थंड, ओलसर जागी ठेवा. लातुरात अशी जागा म्हणजे फ्रिज. तिथे मेथीच्या जुडीशेजारी बियांनी आठवडा काढला. नळाला आठ दिवसांनी येणारं पाणी मी कुंडीला घालतोय हे पाहून बायकोने विचारलं, ही भाजी कोणती? पाच रोपं आली. फेब्रुवारी सरता सरता पाचही गेली, एकही फूल न दाखवता. तिकडे त्या मुलीचा निकाल लागला आणि तीही बॅनरवर चढली, माझ्या शेजारी. कॉलेज मात्र तिला थेट हिमाचलात मिळालं.

गेल्या वसंतात तिचा फोन आला. आता ती तिथल्याच दवाखान्यात इंटर्न होती.

"सर, आमच्या दवाखान्यापुढं प्रिमरोजचा वाफा हाय. समद्या रंगांचा. माळीबाबा म्हणतेत, एका रोपाची फुलं समदी सारखीच असतेत. उंच दांडीचं रोप येगळं, बुटक्या दांडीचं येगळं. मी लई भांडले त्यांच्याशी. म्हनलं, आमच्या सरांनी सोता पाह्यलंय. दोन रविवार झाले, एकेक फूल फाडून पाहायलेय. न्हाई सापडलं. माझंच काही चुकायलंय का, सर?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. काश्मीरची जात वेगळी असते, हे उत्तर जिभेवर अगदी तयार होतं. विषयतज्ज्ञ ना मी.

"माळीबाबा बरोबर हायत," मी म्हणालो. "मी ते फूल कधीच पाह्यलं न्हाई. काश्मीरलाबी गेलो न्हाई. माझ्या वतीनं त्यांची माफी माग."

ती हळू आवाजात म्हणाली, "मग बाकीचं, सर? तुमी डोळ्यांनी पाह्यलं म्हनून सांगितलेलं बाकीचं?"

तिला आता पेशंट तपासायचे असतात. मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि आठवेल तसं एकेक खोटं सांगायला लागलो.