ऑरिन पेटेंगिलची फुकटची टेकडी

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या आमच्या वेस्ट टॅलो गावात जानेवारीतल्या शनिवारी पोर घरात दिसलं नाही, तरी आई घाबरत नाही. ते ऑरिन पेटेंगिलच्या टेकडीवर असणार हे ठरलेलं. गोठ्यामागची ही टेकडी एके काळी गाईंचं चराऊ रान होती. ऑरिनने गाई विकल्या, बायको आयरीन वारली, आणि टेकडीवर उरला तो बर्फ आणि त्यावरून स्लेडच्या घसरगाडीवर बसून किंचाळत खाली येणारं अख्खं गाव. ऑरिनने कधी कुणाला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पायथ्याच्या दगडी बांधावर कुणी आपटू नये म्हणून तो गवताचे भारे रचायचा आणि स्वयंपाकघरातली शेगडी पेटवून बसायचा.

खरी गंमत त्या शेगडीपाशी. गारठलेली माणसं दाराशी बूट काढून आत यायची, आणि रिकाम्या हाताने येणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. कुणी डोनट आणायचं, कुणी घेवड्याचं सूप. लुसिल बुशे सफरचंदाचं सारण भरून भाजलेला ॲपल पाय आणायची, वर चेडर चीजचा जाड तुकडा. लुसिल रस्त्यापलीकडची, ऑरिनच्याच वयाची आणि जिभेला धार असलेली. ऑरिन स्वतः मोजकंच बोलायचा, पण शनिवारच्या त्या गलक्यावर त्याचा पुढचा आठवडा निघायचा.

मग एका हिवाळ्यात शहरातून आलेला कॉलेजचा एक पोरगा कॅन्टीनचा ट्रे बुडाखाली घेऊन घसरला. सगळे भारे चुकवून तो नेमका बांधावर गेला आणि खांद्याचं हाड मोडून बसला. पाठोपाठ त्याच्या वकिलाचं पत्र आलं. घर, शेत, मेपलची झाडं, सगळं हातचं चाललं असं ऑरिनला दिसायला लागलं. पत्र घेऊन तो ड्वेन या विमा एजंटाकडे धावला. ड्वेनने इकडेतिकडे फोन केले आणि प्रकरण निवळलं. कायदा ऑरिनच्या बाजूने होता. जो आपली जमीन लोकांना फुकट मोकळी ठेवतो, त्याच्यावर कुणाच्या पडण्याझडण्याची जबाबदारी सहसा येत नाही. मोबदला घेतला की गोष्ट वेगळी.

"फुकट आहे तोवर ते पाहुणे," ड्वेन म्हणाला. "काही घेतलंस की झाले गिऱ्हाईक. मग बांधही तूच निस्तरायचा आणि हाडंही. काही घेऊ नकोस बाबा. ॲपल पायसुद्धा नाही."

ड्वेनला वाटलं, आपण विनोद केला. पण ऑरिनला विनोद सांगायचा तर आधी तशी सूचना द्यावी लागते.

पुढच्या शनिवारी लुसिल ॲपल पाय घेऊन आली, तर हा दारात हात मागे बांधून उभा. म्हणाला, कायद्यात बसत नाही. डोनट परत गेले, सूप परत गेलं. कुणीतरी पायरीवर गुपचूप ठेवलेली लोणच्याची बरणी हा पठ्ठ्या बर्फ तुडवत घरपोच देऊन आला. आधी लोक हसले, मग हसेनासे झाले. ऑरिन सगळ्यांना आत या, शेका म्हणत होता. पण दिलेलं घेत नाही त्याच्या शेगडीशी हात पसरून बसायचं कसं? आधी स्वयंपाकघर रिकामं झालं. मग लोकांना टेकडीचंही ओझं वाटायला लागलं. चर्चमागे एक उतार होता, टुकार आणि आखूड, पण तिथे कुणाचं देणं लागत नव्हतं. फेब्रुवारी उजाडला तेव्हा ऑरिन कुणीच येत नसलेल्या टेकडीखाली भारे नीट रचत होता. त्याला फार लागलं होतं. शनिवार आला की तो रेडिओ मोठा करायचा.

मार्चमध्ये मेपलचा रस वाहू लागला आणि लुसिलने त्याला रविवारी जेवायला बोलावलं. आपल्याकडे टेकडी नाही, तेव्हा कायद्याची हरकत नसावी, असंही सुनावलं. ऑरिन दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून गेला. हातात त्या रसाच्या पाकाचा, वर्षातल्या पहिल्या मेपल सिरपचा डबा होता.

लुसिलने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"आज तू माझा पाहुणा आहेस. डबा घेतला की गिऱ्हाईक होशील. पायरीवर बर्फ आहे, घसरलास तर मला कोर्टात ओढशील."

हा विनोद आहे हे ऑरिनला जरा उशिराने कळलं आणि तो हसला. पण लुसिल दारातून हलली नाही. डबा खाली ठेवता येईना, परत नेता येईना. आपण लहान मुलासारखे हात पुढे करून उभे आहोत, हे त्याला जाणवलं.

"घे गं," तो म्हणाला. "मी स्वतः आटवलंय."

"ॲपल पायसुद्धा मी स्वतःच केला होता, ऑरिन."

मग लुसिलने डबा घेतला आणि ती बाजूला सरली. जेवण झाल्यावर ऑरिनने ॲपल पायचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा ताटलीत घेतला.

"बर्फ अजून टिकेल," तो म्हणाला. "शनिवारी येशील? येताना हा घेऊन?"

आयुष्यात ऑरिन पेटेंगिलने कुणाकडे काही मागितल्याचं गावाला माहीत नव्हतं. लुसिलने सावकाश कॉफी ओतली.

"आणेन. सगळ्यांनाच सांगते. पण परत कुणी पडलं आणि कोर्टाने विचारलं तर?"

"तर सांगेन, ॲपल पाय घेतला होता," ऑरिन म्हणाला. "आणि पुन्हा कुणी दिला, तर पुन्हा घेईन."