पोटाला दिलेली हाळी

मी शेळीची शिंगं धरून बसलो होतो आणि बायको धार काढत होती. आमचं दोघांचं मिळून केलेलं शेवटचं काम तेच. रोजचंच. सकाळचं कोवळं ऊन, भांड्यात धारेचा आवाज, आणि ओट्यावर आमचा लेक त्याच्या बायकोच्या पोटाशी मोबाईल धरून गाणं वाजवत होता. सुनेला सातवा सरलेला.

मी ओरडलो, "आरं, जन्मायच्या आदीच बहिरं करतो काय बे त्याला?"

"गप बसा. लेकराशी बोलायचं हाय त्याला, पर जमंना," बायको हळूच म्हणाली. "तुमची ती मेंढरांची हाळी शिकवा की."

"त्यात काय शिकवायचं? धार काढ."

तिच्याशी शेवटचं बोललो ते एवढंच.

ह्याच लेकाच्या वेळी मी मेंढरं घेऊन चार महिने डोंगरात होतो. परत आलो तर बायकोचं पोट पुढं आलेलं. तिच्याजवळ बसायची मला भीतीच वाटली, परक्याच्या घरात शिरल्यागत. पोटाशी काय बोलावं? मला बोलता यायचं ते मेंढरांशी. गाभण मेंढीच्या कुशीला तळवा लावून ओठांनी हळू हुर्रर्र करायचं, की आत कोकरू हलतं. मी तेच केलं.

"मी काय मेंढी हाय का?" ती फिसकन हसली. तेवढ्यात तळव्याला आतून ढुशी बसली. मग रोज सांजच्याला हाळी द्यायचो. अजून डोळे मिटले की वाटतं, ती, मी, आतला तो आणि अंगणात बसलेली मेंढरं, सगळी एकाच कातड्याखाली श्वास घेतोय.

त्या सकाळी धार काढून ती जरा पडते म्हणाली. उठलीच नाही.

आमच्यात ज्याची बायको पोटुशी, त्यानं मढ्याला खांदा द्यायचा नाही, अशी रीत. पुतण्यांनी उचललं. लेक बाभळीखाली रिकामा उभा राहिला. घरी आल्यावर सून त्याच्याजवळ गेली, तर तो मागं सरला. "ह्या पोटापायी आईला खांदा देता आला न्हाई."

असा राग धरून हा बाप झाला, तर त्या लेकरानं जावं कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली नव्हती, पण शेळीला कुठलं सुतक? कास तटतटून ओरडत होती. लेकाला म्हणालो, "शिंगं धर." त्यानं धरली. मी धारेला बसलो. सून दारात होती. तिच्याकडं पाठ करून मी हाळी दिली. ओठ कोरडे, नुसती हवा आली. पुन्हा दिली.

"आबा, ह्ये काय?"

"तू पोटात व्हतास तवा तुला ह्यानंच बोलवायचो. तुला शिकवा म्हणलीती तुझी आई. कर."

"मला न्हाई येत."

"मला तरी कुठं येत व्हतं बे?"

त्यानं कसंबसं ओठ मिटून केलं. थुंकीच जास्त उडाली.

"अवं," दारातून सून म्हणाली, "हिकडं या. हात ठेवा हितं."

तो शिंगं सोडून पळाला. शेळीनं लाथ मारून भांडं पालथं केलं. मी ते उचललं, पुसलं, शेळी गुडघ्यांत दाबून धरली आणि राहिलेली धार एकट्यानं काढली.