बिघाड नसलेली सायकल

आमच्या थोरल्या भाऊजींनी आजवर स्वतःचं जेवढं नुकसान करून घेतलं आहे, तेवढं व्हायला दुसऱ्या कुणाला दोन-तीन पक्के शत्रू पाळावे लागले असते. भाऊजींना शत्रू नाही. ते सगळं एकहाती करतात, आणि तेही समोरच्याच्या भल्यासाठी. थोरले भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कोथरूडला राहणारे आणि कुठेही चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे पाऊल न टाकणारे. पुण्यात चुका काढणाऱ्यांना तोटा नाही. मीही काढते. पण आम्ही बाकीचे दुसऱ्याच्या चुका काढतो त्या आपला वरचष्मा राहावा म्हणून. भाऊजी नेमक्या त्या चुका काढतात, ज्या तशाच राहिल्या तर त्यांचा स्वतःचा फायदा असतो.

कोथरूडचा फ्लॅट घेतानाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. इमारतीत दोनच फ्लॅट उरले होते आणि भाऊजींनी पुढच्या बाजूचा मनात नक्की केला होता. त्याच वेळी दुसरं एक कुटुंब पाहायला आलं. त्यांना मागच्या बाजूचा पसंत पडला. दलाल गप्प होता. गप्प राहवलं नाही ते भाऊजींना. मागच्या फ्लॅटला पाणी सगळ्यात शेवटी चढतं आणि दुपारचं ऊन थेट स्वयंपाकघरात येतं, हे त्यांनी त्या लोकांना गच्चीवरच्या टाकीपर्यंत नेऊन समजावलं. त्या लोकांनी तिथल्या तिथे पुढच्या फ्लॅटचं टोकन दिलं. उरलेल्या फ्लॅटमध्ये आमच्या मोठ्या जाऊबाई तेव्हापासून पहाटे उठून बादल्या भरतात. "माझा संसार नळाखाली झाला," असं त्या पाहुण्यांसमोरही सांगतात, आणि भाऊजी मान डोलावतात, कारण विधान बरोबर असतं.

जुनी स्कूटर विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकानं किक मारायच्या आधीच भाऊजींनी तिची दुखणी सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाईक सभ्य होतं, तरीही घेतो म्हणालं. शेवटी भाऊजी म्हणाले, "अहो, तुम्हाला लहान मुलं आहेत. नका घेऊ." ती स्कूटर अजून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे, आणि जागा अडवल्याबद्दल सोसायटी त्यांना नेमानं पत्र पाठवते. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी एका जुन्या कामाचं श्रेय त्यांना दिलं, तर अंगावर शाल असतानाच ते उठले आणि ते काम शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचं होतं, असं सांगून बसले. ते गृहस्थ पेढा खात होते, त्यांना ठसका लागला. माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली, तेव्हा कुणी विचारलेलं नसताना भाऊजींनी सांगितलं की मुलगी गुणी आहे, फक्त राग आला की बोलणं बंद करते. मंडळी पोहे संपवून गेली ती गेलीच. मुलगी हसत होती. बोलणं मी बंद केलं होतं.

अशा माणसाला आयुष्यात एकच वस्तू मनापासून हवी होती. तीन गिअरची विलायती सायकल. गिअर मागच्या चाकाच्या आत, बाहेरून काही दिसत नाही, हँडलवर फक्त एक लहानशी दांडी. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत वर्गातल्या एकाकडे तसली होती. भाऊजींकडे होती साधी काळी, तीही माझ्या सासऱ्यांबरोबर वाटून. पुढे नोकरी लागली तेव्हा तसली सायकल मिळेना, मिळत होती तेव्हा बहिणींची लग्नं निघाली, आणि नंतर 'या वयात कशाला' हे वाक्य घरात कायमचं मुक्कामाला आलं. गेल्या हिवाळ्यात जुन्या वस्तूंचा लिलाव करणाऱ्या एका साइटवर मला ती दिसली. नाशिककडच्या एका तरुणानं आजोबांची सायकल म्हणून टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'मागच्या चाकात बिघाड आहे, चालवताना टकटक आवाज येतो.' त्यामुळे कुणी फिरकलंच नव्हतं. मी भाऊजींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा बदलला, फोटो मोठा करायला लावला आणि हँडलवरच्या त्या दांडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हा बिघाड नाही गं. ही सायकल असाच आवाज करते. चांगली असली की करते."

मी कामाला लागले. ठेवायची कुठे, नाशिकहून आणायची कशी, टायर कोणत्या दुकानात मिळतील, गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारायचं, असं सगळं कागदावर मांडून एकेक खोडत गेले. मी एक काम खोडलं की भाऊजी संध्याकाळी कर्वेनगरला आमच्याकडे येऊन एक नवी शंका मांडत. रस्त्यावर गर्दी केवढी. पडलो तर करणार कोण. सोसायटी आधीच स्कूटरवरून चिडलेली. जाऊबाईंचं मत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घ्या की. घरात पाणी चढेना, तुम्ही तरी चढ चढा." पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा गॅलरीतल्या कुंड्या जाऊबाईंनी एका कोपऱ्यात सरकवलेल्या होत्या आणि एक सायकल मावेल एवढी जागा पुसून ठेवलेली होती.  

लिलाव रविवारी संध्याकाळी बंद व्हायचा होता. सकाळीच भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. "घ्यायची," म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं छोटं वाक्य मी प्रथमच ऐकलं. मी बोली लावली. आमची सगळ्यात वरची होती. मी चहा टाकायला आत गेले.

एरवी लॅपटॉपला हात न लावणाऱ्या या माणसानं तेवढ्या वेळात, एका बोटानं, फोटोखालच्या प्रश्नांच्या चौकटीत लिहून ठेवलं होतं: 'महोदय, आपल्या सायकलीत बिघाड नाही. टकटक हा तिच्या गिअरचा स्वाभाविक आवाज आहे. ही अत्यंत उत्तम व दुर्मीळ सायकल असून आपण ती कवडीमोलानं देत आहात. कृपया फेरविचार करावा.' खाली पूर्ण नाव, आणि नावाखाली 'एक इच्छुक ग्राहक'.

"भाऊजी, हे सगळ्यांना दिसतं," मी म्हटलं.

"दिसू दे. खरं आहे ते."

"सायकल घेतल्यावर सांगता आलं असतं त्याला."

"घेतल्यावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. त्याच्या आजोबांची आहे ती. आपल्याकडे काय आहे हेच त्याला माहीत नाही."

"तुम्हाला तर माहीत आहे ना? मग तुम्हाला नको मिळायला?"

त्यांनी बिस्किट चहात इतका वेळ धरलं की ते तुटून तळाशी गेलं.

दुपारपर्यंत कुठून कुठून लोक गोळा झाले आणि बोली आमच्या आवाक्याबाहेर गेली. चार वाजता ती सायकलच पानावरून काढून घेतली गेली. असं करता येतं का, हे मी नियमांत पाहिलं. येत होतं. त्या तरुणाचा निरोप आला: 'थँक यू काका. आता विकत नाही. आम्ही घरीच ठेवतो.' मला त्याचा संताप आला. फुकट मिळालेल्या शहाणपणाची त्यानं दोन शब्दांत बोळवण केली होती. त्याहून जास्त भाऊजींचा आला. खरं बोलणाऱ्याचं शेवटी भलं होतं असं जे सांगत फिरतात, त्यांना आमच्या जाऊबाईंच्या नळाखाली पहाटे उभं करावं. जाऊबाईंनी त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. कुंड्या परत जागेवर ठेवल्या आणि त्यांना पाणी घातलं. ते मला फार लागलं.

परवा त्या तरुणानं फोटो पाठवला. सायकल घासूनपुसून लख्ख केलेली, आणि तो स्वतः स्वार झालेला. भाऊजी आमच्याकडेच होते. दाखवू की नको असं करत मी दाखवला. त्यांनी नीट पाहिला.

"सीट फार खाली ठेवलंय. गुडघे जातील त्याचे. लिही त्याला. आणि गिअर बदलताना क्षणभर पायडल मारायचं थांबायचं, हेही लिही. नाहीतर आतून खराब होईल."

मी लिहिलं. पाठवून झालं, तरी मनातला कडूपणा जाईना. म्हटलं, "एवढं सगळं ठाऊक आहे, तर बसलात तरी होतात का कधी तसल्या सायकलवर?"

"बसलो नाही," भाऊजी म्हणाले. "वर्गातल्या त्या मुलाची एकदा पंक्चर झाली होती. त्याला कुठेतरी जायची घाई होती. मग मीच त्याच्या घरी पोचवली. सदाशिव पेठेतून पार डेक्कनपर्यंत, हातात धरून."

फोन त्यांच्याच हातात होता. फोटो त्यांनी पुन्हा थोडा मोठा केला.

"ढकलतानासुद्धा फार हलकी लागत होती गं."