वाकळीच्या पोटातलं लुगडं

माझ्या घरी मिक्सर एक आहे आणि त्याला घालायची कव्हरं सात. शिवाय मोबाइल ठेवायच्या पिशव्या, पोळ्यांच्या डब्यात घालायचे गोल रुमाल आणि एक कापडी कोंबडी. या कोंबडीचं काय करायचं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. हे सगळं भेट म्हणून आलेलं. आम्ही शिवणाचा नाद असलेल्या नऊ बायका आहोत. कोजागिरीला दूध पिता पिता चिठ्ठ्या उचलायच्या, जिचं नाव येईल तिच्यासाठी काहीतरी शिवायचं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते वाण म्हणून तिच्या ओटीत घालायचं. नियम एकच, विकत आणायचं नाही. घरातल्या जुन्या कापडातूनच करायचं.

पहिली दोन-तीन वर्षं हौस होती. मग हौसेचं काम झालं आणि कामाचं ओझं. एका वर्षी मला काहीच जमलं नाही, म्हणून कपाटात पडलेली, भेट आलेली एक पिशवी मी पुढं ढकलली. ती जिनं शिवली होती तिलाच परत गेली. तिनं पिशवी उलटसुलट करून बघितली आणि शिवण किती सुबक आहे म्हणून चारचौघींत माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून तिळगूळ खाल्ला.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर दाखले, हजेरीपट, पालकांची तक्रार, मुख्याध्यापकांची तक्रार. घरी येईपर्यंत मानेत गाठ बसलेली असते. मग चहा, कुकर, आणि त्यानंतर मी सुई हातात घेते. लोकांना वाटतं, शिवल्यानं मला बरं वाटत असेल. खरं सांगायचं तर तसं काही वाटत नाही. हात मोकळे राहिले की चिडचिड होते, म्हणून शिवते. ही खोड आईची.

माझी आई करमाळ्याकडची. वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. तिकडं गोधडीला वाकळच म्हणतात, मीही म्हणते. गेल्या वैशाखात आई गेली. तिच्यापाशी जपण्यासारखं एकच होतं, हिरवं सुती इरकल लुगडं, लाल पदराचं. आधी सणावारी नेसून, मग रोज नेसून ते इतकं मऊ झालं होतं की मुठीत मावायचं. आमच्याकडं बाळ जन्मलं की पहिल्यांदा घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या जुन्या लुगड्यात घेतात. माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हाच आईनं सांगून ठेवलं होतं, "हिच्या पयल्या लेकराला माझ्या लुगड्यात घ्या. नवं कापड टोचतंय." तेराव्या दिवशी वहिनीनं ते लुगडं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. मला ती पिशवी उघडवेना. मी ती कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सारली आणि दार लावलं. मुलीला तेव्हा दिवस जायचे होते.

यंदा माझ्या चिठ्ठीत अक्कांचं नाव आलं. अक्का आमच्यात सगळ्यांत मोठ्या, सत्तरीच्या. विणकरांचं तेलुगू घर त्यांचं. माहेरी माग, सासरी माग. जन्म सगळा सुतात गेलेला. त्या कापड बघत नाहीत, चिमटीत धरतात आणि सांगतात की हे दोन धुण्यांत जाईल. अशा बाईला मिक्सरचं कव्हर काय द्यायचं? माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, मी वाकळ द्यायची ठरवली. ठरवताना आपल्याला कंबर आहे हे मी विसरले.

वाकळीचा एक कायदा आहे. वर काय वाटेल ती ठिगळं लावा, पण पोटात नवं कापड घालायचं नाही. वरच्या आणि खालच्या कापडाच्या मधले जे थर, ते तिचं पोट. तिथं वापरून मऊ झालेलंच लागतं, नाहीतर वाकळ अंगाला बसत नाही, पुठ्ठ्यासारखी उभी राहते. आणि वाकळ घालायला, म्हणजे थर एकावर एक अंथरून कच्चे टाके मारायला, दोघी लागतात. माझ्याकडं कुंभारीहून एक मावशी कामाला येतात. त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. नेमके दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरायचे दिवस होते आणि मला रविवारीही शाळेत बोलावलं होतं. मी चपला घालता घालता मावशींना सांगितलं, वरचं आणि खालचं कापड कॉटवर काढून ठेवलंय, पोटाला खालच्या कप्प्यातली पिशवी घ्या, शेजारच्या वहिनींना हाताशी घ्या आणि वाकळ घालून टाका.

संध्याकाळी आले तर हॉलमध्ये वाकळ घातलेली होती. एकही सुरकुती नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी मावशींना दोनदा चहा पाजला.

मग दोन महिने मी धावदोरा घालत होते. कडेनं सुरू करायचं आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. वाकळ मांडीवर घेऊन बसलं की पाय जड होतात, मुंग्या येतात. मी रोज कुरकुर केली. अक्कांच्या नावानं, चिठ्ठ्यांच्या नावानं, हा नाद जिनं लावला त्या आईच्याही नावानं. फक्त एक गोष्ट चांगली होती. सुई कुठं अडत नव्हती. एरवी चार थरांतून सुई ओढताना बोटाला भोक पडतं, इथं ती लोण्यातून जावी तशी जात होती. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, यंदा कापड नशिबानं चांगलं लागलंय. तो टीव्ही बघत हूं म्हणाला.

हळदीकुंकवाला मी वाकळ अक्कांच्या मांडीवर ठेवली. बाकीच्या बायका ठिगळांचे रंग बघत होत्या, फोटो काढत होत्या. अक्कांनी वाकळीवरून हात फिरवला. एका कोपऱ्याशी हात थांबला, तिथं त्यांनी दोन बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते. मला वाटलं, म्हातारं माणूस, भरून आलं असेल. मला यंदा पुन्हा मिक्सरचं कव्हर मिळालं.

आठवड्यानं मुलगी बाळंतपणाला आली. आम्ही बाळंतविडा काढायला बसलो. झबली, कुंच्या, लंगोट, दुपटी, सगळं मी हातानं शिवून ठेवलं होतं. ती म्हणाली, आजीचं लुगडं दे, तेही धुऊन ठेवू. मी खालचा कप्पा उघडला. तिथं पिशवी होती, पण ती जुन्या परकरांची आणि चादरींची. दुसरी पिशवी नव्हती. मी सगळं कपाट बाहेर काढलं. मग तशीच जमिनीवर बसले, कारण मला कळलं होतं.

मावशी आल्यावर मी त्यांच्यावर नको तेवढा आवाज चढवला. त्यांनी भांडी घासायची थांबवली नाहीत. म्हणाल्या, "तुमीच म्हणलाव की, खालच्या कप्प्यातली पिशवी. दोन हुत्या. येक धरली तर चरचरीत, येक धरली तर लई मऊ. पोटाला मऊच घालत्यात न्हवं?" त्यांनी जाणत्या बाईसारखं उत्तम तेच निवडलं होतं. चूक माझी. आईचं लुगडं मी चिंध्यांच्या कप्प्यात ठेवलं, कारण ते डोळ्यासमोर नको होतं. आणि सांगताना पिशव्या दोन आहेत हेही माझ्या लक्षात राहिलं नाही.

नवरा म्हणाला, दुसरं कुठलंही जुनं लुगडं घे, बाळाला काय कळतंय. मुलगी म्हणाली, असू दे आई, आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. दिलेलं वाण कुणी परत मागतं का? आणि मागून मिळालं तरी आख्खी वाकळ उसवायची म्हणजे दोन महिन्यांचं काम मातीत. मला कशाचंच बळ नव्हतं. पण मुलीचे दिवस भरत आले होते आणि माझ्या आईनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेलं एवढंच होतं. एका रविवारी दुपारी मी रिक्षा केली.

अक्कांच्या घराच्या मागं मागांची शेड आहे. माग विकून झाले, आता तिथं जुनी पोती पडलेली असतात. खडखडाट शेजारच्यांचा ऐकू येतो. अक्का एकट्याच होत्या. वाकळ कॉटवर घडी घालून ठेवलेली होती, उशाशी. मी पाणी प्यायले आणि कुठून सुरुवात करावी ते सुचेना. तेवढ्यात त्याच बोलू लागल्या.

"मला त्याच दिवशी कळलं की," त्या म्हणाल्या. "काठ हाताला लागला. आत इरकल हाय, जुनं. असलं कापड कुनी पोटात घालत न्हाई. आईचं आसल, न्हाई? मला मेलीला एवढं कुनी दिलं न्हवतं आजवर."

मला वाटलं, उठावं आणि घरी जावं. एवढा मोठा मान मला फुकट मिळाला होता आणि गप्प बसलं तर तो माझाच राहिला असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मुलीचं पोट डोळ्यांपुढून हलेना. मी सगळं सांगितलं. पिशवी, मावशी, बोर्डाचे फॉर्म, आईचे शब्द. सांगताना मला माझीच लाज वाटत होती आणि रडू येण्याइतकाही जीव उरला नव्हता.

अक्कांचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. मला आणखी वाईट वाटलं ते त्यांनी लपवायचा प्रयत्न केला म्हणून. मग त्या उठल्या आणि ब्लेड घेऊन आल्या.

त्या म्हणाल्या, आख्खी उसवायची नाही, मी देणार नाही. बाळाला लागतं ते दीड हात, पदराकडचं तेवढं घे. त्यांनी डोळे मिटून चाचपत पदर कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधलं. हळदीकुंकवाला त्यांचा हात थांबला होता तोच कोपरा. आम्ही दोघी समोरासमोर बसून टाके कापू लागलो. मी बारीक टाका घालते याचा मला अभिमान होता. त्या दुपारी मी माझ्या बारीक टाक्याला शिव्या दिल्या. तासाभरानं कोपरा उघडला आणि ठिगळांच्या खालून लाल पदर बाहेर आला.

मी तो उजेडाकडं धरला. बारीक बारीक भोकं, ओळीनं. एक इंच जागा सोडलेली नव्हती. दोन महिने मी आईला मांडीवर घेऊन बसले होते आणि रोज कुरकुरत तिच्यात सुई खुपसत होते. मला ते कळलंसुद्धा नाही. सुई अडत नाही म्हणून तेवढं बरं वाटत होतं. अक्कांनी माझ्या हातातून कापड घेतलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की गरम पाण्यातून काढ, सूत फुगतं, थोडी बुजतील.

दीड हात कापून घेतल्यावर वाकळीच्या कोपऱ्यात खळगा पडला. अक्कांनी ट्रंक उघडली. खालून एक धोतर काढलं, त्यांच्या यजमानांचं, धुऊन धुऊन पिवळं पडलेलं. त्याची घडी त्या खळग्यात बसवत म्हणाल्या, "पोट रिकामं ठेवू न्हाई." सुई मीच ओवली. चष्मा धुकट झाला होता, टाके वाकडे पडले. बाकीची वाकळ सरळ आणि तो एक कोपरा वाकडा, तशीच ती आता त्यांच्याकडं आहे. निघताना मी माफी मागितली तर त्यांनी कुंकू लावलं आणि पुढच्या वर्षी मला चिठ्ठ्यांत धरू नका म्हणाल्या, दमले आता. मी म्हटलं, मीही.

त्यानंतर बाराव्या दिवशी मुलगी बाळंत झाली. नात झाली. मी ते कापड गरम पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं, पुन्हा काढलं, इस्त्री केली. भोकं काही बुजली नाहीत. नर्सनं बाळ त्यात गुंडाळून मुलीच्या कुशीत दिलं. खिडकीतून ऊन येत होतं. मुलगी थकलेली, केस कपाळाला चिकटलेले. तिनं कापडाचं टोक उचलून बघितलं.

"आई, हे केवढं विरलंय गं. आजीनं किती वापरलं असेल."

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. आईनं ते तीस वर्षं वापरलं होतं आणि एक धागा तुटू दिला नव्हता.

"विरलेलं नाही," मी म्हटलं. "ती भोकं माझी आहेत."