कपाटामागची खूण

आमच्या पुढच्या खोलीच्या फरशीचा उतार उलटा झाला, तो बावड्याच्या मिस्त्रीमुळे नव्हे. माझ्यामुळे झाला. चौदा वर्षं ही गोष्ट मी पोटात ठेवली. आता पंचाहत्तरी उलटली, आणि आमच्या निरवांगी गावात अजूनही ही हकीकत ज्याच्या त्याच्या सोयीने सांगितली जाते. बहुतेक सांगणारे मला फार चांगला माणूस ठरवतात. म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

मी पाटकरी होतो. म्हणजे कालव्याचं पाणी शेतांकडे जाणाऱ्या चारीला कधी सोडायचं, कुणाच्या उसाला किती वेळ द्यायचं, हे बघणारा माणूस. सारी हयात बांधावर गेली. नुसतं उभं राहून मी सांगायचो, ह्या तुकड्यात पाणी चढणार नाही. बहुतेक वेळा ते चढायचं नाही. त्यामुळे पाणी माझं ऐकतं असा माझा समज झाला होता.

घरात आधी शेणाने सारवलेली जमीन होती. तिला उताराची भानगड नव्हती, सांडलेलं पाणी ती पिऊन टाकायची. मग शहाबादी फरशी आली. उन्हाळ्यात जेवून तिच्यावर उघड्या पाठीने पडावं, तसं सुख दुसरं नाही. पण सांध्यातलं सिमेंट उडालं की मुंग्या तिथे बिऱ्हाड करतात, आणि एक तरी फरशी हलायला लागते. आलेला पाहुणा नेमका तिच्यावरच पाय देतो. शेवटी मुलगा नोकरीला लागला आणि टाइल्स बसवायचं ठरलं.

टाइल्स आणायला आम्ही बारामतीला गेलो. दुकानात शिरल्यावर बायकोने पिशवीतून रानातली मूठभर काळी माती काढली आणि मांडून ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र टाइलवर टाकली.

"मावशी, हे काय?" दुकानदार म्हणाला.

"आमची माती. ती रोज ह्यांच्या पायाला लागून घरात येती. आधी तिची न् फरशीची गाठ घालून देती."

मग तिने बाटलीतलं पाणी शिंपडलं, टाचेनं माती रगडली आणि पांढरी टाइल नापास केली. पुढच्या चकचकीत टाइलवर पाणी ओतून ती अनवाणी चालली. मलाही चालायला लावलं. मी दुकानदाराच्या खांद्याला धरून उभा राहिलो, तेव्हा तीही नापास झाली. अखेर तिला भिंतीला टेकवून ठेवलेली एक मातकट, खडबडीत टाइल आवडली.

"मावशी, ती पार्किंगची हाय. घरात न्हाय लावत कुणी."

"आमच्या घरात ट्रॅक्टर सोडून सगळं येतं. तीच द्या."

ती निवड पुढे शंभर टक्के बरोबर ठरली. त्या फरशीवर घरातलं कुणी कधी घसरलं नाही आणि माती पडलेली दुपारपर्यंत दिसत नसे. फरशीत जे चुकलं ते टाइलमध्ये नव्हतं.

मिस्त्री बावड्याचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कमी बोलणारा. पंचक्रोशीत फरशीसाठी त्याचंच नाव निघायचं. आल्या आल्या त्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली आणि चारी कोपऱ्यांत पाणसळ धरली. नळीतलं पाणी जिथे थांबेल तिथे भिंतीवर, कमरेच्या उंचीला, खिळ्याने ओरखडा काढायचा आणि त्यावर निळीचं बोट फिरवायचं. त्या खुणांपासून खाली मोजून फरशी लावायची. दाराकडे थोडा उतार, म्हणजे खोली धुतली की पाणी आपसूक उंबऱ्याबाहेर.

दुपारी तो भाकरी खायला चिंचेखाली गेला. मी आत येऊन खुणा बघितल्या. मागच्या कोपऱ्यातली खूण खिडकीच्या खालच्या कडेशी ताडून बघितली, तर ती मला दोन बोटं वर वाटली. कोपरा उगाच उचलला जाणार आणि खोलीत टेकडी तयार होणार, असं माझ्या पाटकरी डोळ्याला दिसलं. त्याला सांगायला हवं होतं. पण जेवत्या माणसाला कशाला उठवा, म्हणून मीच ती नीळ अंगठ्याने पुसली, ओरखड्यात त्याच अंगठ्याने चिमूटभर ओलं सिमेंट दाबलं आणि दोन बोटं खाली माझ्या खिशातल्या जांभळ्या पेन्सिलीने नवी रेघ ओढली.

ती खिडकी मी स्वतः बसवली होती. तेव्हाही डोळ्यानेच.

मिस्त्री जेवून आला, कोपऱ्यापाशी थबकला. "तात्या, खूण अशीच होती का?"

"तुमीच काढली न्हाय का," मी म्हणालो.

"पर ही पेन्सिलीची हाय."

"नीळ संपली म्हणून माझी पेन्सिल मागितली न्हवं तुमी?"

त्याने निळीच्या डबीत बघितलं. डबी अर्धी भरलेली होती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे बघत होतो. "आसंल," तो म्हणाला आणि दोरी लावायला बसला. कोपऱ्यात काम करताना एकदा पुटपुटला, "हितं फरशीखाली माल लईच कमी लागतोय." मी चहा सांगायला आत गेलो.

सांधे भरून झाले, फरशी वाळली, आणि पहिल्यांदा धुवायचा दिवस आला. नवी फरशी बघायला आळीतली माणसं जमली होती. शेजारचे आबा खुर्ची घेऊनच आले होते. बायकोने मागच्या बाजूला बादली ओतली. पाणी क्षणभर जागीच थांबलं, विचार केल्यासारखं. मग दाराकडे पाठ फिरवून कोपऱ्यात जाऊन बसलं.

मग आबा म्हणाले, "मिस्त्री, दार तिकडं न्हाय, हिकडं हाय."

सगळे हसले. मिस्त्रीने नळी काढली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा काढली. तेव्हा मी जे केलं ते खूण पुसण्यापेक्षा वाईट होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. माणूस चुकतोच."

त्या दिवसापासून मी मोठ्या मनाचा माणूस झालो. लग्नात, सप्त्याच्या पंगतीत लोक माझा दाखला देऊ लागले, की चूक माफ करावी तर तात्यांसारखी. आणि मिस्त्रीला फरशीची कामं येईनाशी झाली. गोठा, हौद, कुंपणाची भिंत, एवढंच. कुणी त्याचं नाव काढलं की आबा विचारायचे, "पाणी घरात आणायचंय का बाहीर काढायचंय? घरात आणायचं आसंल तर त्याला बोलवा."

इकडे आमच्या घरात सगळ्या वस्तू त्या कोपऱ्याकडे जायला लागल्या. लिंबू, कांदा, पेरूच्या पाटीतला पेरू, माझी रक्तदाबाची गोळी. काही हरवलं की घरात शोधाशोध होत नसे, सरळ कोपऱ्यात वाकायचं. बायको बादलीने धुवायची सोडून ओल्या फडक्याने पुसायला लागली. पण दिवाळीला धुतल्याशिवाय तिचा जीव राहत नसे, आणि मग केरसुणीने पाणी चढावर ढकलत दारापर्यंत न्यायचं.

कोपऱ्यात लोखंडी कपाट मी पहिल्याच आठवड्यात लावलं होतं. खुणा झाकायला. दिवाळीच्या पाण्यात त्याचे पाय गंजले. बायको म्हणाली, कपाट हलवा. मी त्याच्याखाली विटा लावल्या. दोनदा घराला रंग दिला, दोन्ही वेळा रंगाऱ्याला सांगितलं, कपाटामागे राहू दे.

"आसं काय हाय तिथं?" बायकोने विचारलं.

"भिंत हाय."

"मग भिंतीला रंग लावत्यात, अवो."

यंदा त्या कोपऱ्यातल्या टाइल्स पोकळ वाजायला लागल्या. पाणी खाली मुरून माल सुटला होता. मुलाने सगळी फरशी उपटून नवी बसवायची ठरवली. सोमवारी तोडायला सुरुवात. कपाट हलणार. हेही लिहितो की माझ्या मनात आधी ती खूण पुसून टाकायचंच आलं. घरात कुणी नसताना मी कपाट एकट्याने सरकवायला गेलो, तेही चढावर. कपाट जागचं हललं नाही आणि माझी कंबर धरली.

त्या धरलेल्या कमरेने मी दारात बसलो होतो, तेव्हा समोर आबांच्या गोठ्यात मिस्त्री गव्हाण बांधत होता. त्याने नळी धरली, खूण केली. पुन्हा नळी धरली. तिसऱ्यांदा धरली. मग आबांना हाक मारली, "आबा, बरोबर हाय का, जरा तुमी बघा." आबांना सरळ रेघ आणि साप यातला फरक कळत नाही. आणि बारामतीपर्यंत फरश्या घातलेला माणूस म्हशीच्या गव्हाणीची पाणसळ त्यांना विचारत होता. त्या दिवशी मी सांगितलं होतं, पेन्सिल तुमीच मागितली, आणि तेव्हापासून तो स्वतःच्या हाताला विचारायचा सोडून दुसऱ्याला विचारत होता.

दुसऱ्या दिवशी मी बावड्याला गेलो. तो अंगणात थापी घासत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, खिडकीसकट. तो घासत राहिला.

"पेन्सिल मी मागितली न्हवती?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"माझी बायको म्हणती मला इसराळूपणा लागलाय. तवापासून घरनं निघताना मी कुलूप तीनदा वढून बघतो." थापी त्याने बाजूला ठेवली. "मला सांगून काय उपेग तात्या? मी चुकलो आसं मी एकटाच न्हाय, समदं गाव म्हणतं. ज्यांच्या म्होरं पाणी उलटं गेलं, त्यांच्या म्होरं सांगा."

रविवारी मी आळी पुन्हा गोळा केली. आबा पुन्हा खुर्ची घेऊन आले. मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत आला नाही. मी सगळं सांगितलं. खाली बघून, पण सगळं.

मग आबांनी डोळे पुसले. "बघा," ते म्हणाले, "गड्याची अब्रू वाचवायला सोताच्या अंगावर घेतंय म्हातारं. आसं मन पायजे."

"आबा, मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय. तुमी बोलूच नका. आमाला कळतंय."

मी चिडून सांगायला लागलो तसा माझा मोठेपणा वाढत चालला. मुलगासुद्धा म्हणाला, "तात्या, बास आता. मिस्त्रींनी मनाला लावून घेतलंय हे खरं, पण तुमी खोटं कशाला बोलताय?" चौदा वर्षं खोटं बोललो तेव्हा कुणी शंका घेतली नव्हती.

"कपाट हलवा," बायको म्हणाली.

चौघांनी कपाट उचललं. मागून दोन लिंबं, एक कंगवा आणि ओलीने बुरसलेली गोळ्यांची पुडी निघाली. भिंतीच्या जुन्या चुन्यावर जांभळी रेघ स्पष्ट होती. तिच्या दोन बोटं वर वाळलेल्या सिमेंटचा ठिपका, आणि आजूबाजूला फिकट निळा डाग.

"पेन्सिल तर मिस्त्रीनी मागून घेतली व्हती म्हणं," आबा म्हणाले.

बायको ठिपक्याजवळ चष्मा नेऊन बघत होती. तिने माझं मनगट धरलं आणि रेशनच्या दुकानात धरतात तसा माझा अंगठा त्या ठिपक्यावर टेकवला. लहानपणी विळा लागून माझ्या अंगठ्यावर आडवा वण पडलाय. तो सिमेंटात जसाच्या तसा उठला होता.

"म्हणून भिंतीला रंग न्हवता व्हय," ती म्हणाली. "आन् चौदा दिवाळ्या मी पाणी चढावर ढकलतीय."

एवढंच म्हणाली. मोठ्या मनाचं प्रकरण आमच्या आळीपुरतं तिथे संपलं. आबा खुर्ची उचलून घरी गेले, आणि जाताना त्यांनी उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मिस्त्रीला वाट दिली. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

मिस्त्री आत आला. खिशातून खिळा काढून त्याने तो ठिपका टोकरला. आतून त्याचा जुना ओरखडा निघाला. त्याने नळी धरली, दुसरं टोक मुलाला दाराजवळच्या, रंगाखाली उरलेल्या ओरखड्याशी धरायला लावलं. नळीतलं पाणी हलत हलत त्या ओरखड्यावर येऊन थांबलं. त्याने दुसऱ्यांदा नळी धरली नाही. गुंडाळून ठेवली.

नवी फरशी त्यानेच घातली. टाइल पुन्हा मातकट, खडबडीत. माती दाखवायला बायको पुन्हा बारामतीला गेली होती. मुलगा लेझरची मशीन आणू म्हणत होता, मिस्त्री म्हणाला, आणा, माझ्या खुणा तपासायला लावा. दुपारी मी त्याला म्हणालो, चिंचेखाली गार वाटतं, तिकडं बसा जेवायला. त्याने फडकं तिथेच, कोपऱ्यातल्या खुणेखाली पसरलं आणि माझ्याकडे तोंड करून भाकरी खाल्ली.

फरशी वाळल्यावर बायकोने मागच्या कोपऱ्यात बादली ओतली. पाणी सरळ दाराकडे गेलं, उंबरा ओलांडून अंगणात उतरलं. मिस्त्री ते शेवटपर्यंत बघत राहिला. मग कपाटाच्या जागेकडे बोट करून म्हणाला, "तात्या, खूण अशीच होती का?"

"व्हय," मी म्हणालो. "तुमीच काढली होती."