स्नेहलच्या तासाला चंद्री

बायडाबाईनं शाळा बघितली ती दाराबाहेरनंच. मास्तरांच्या च्याला दूध घालायचं आन् मागं फिरायचं. पण सून आणली ती बीएड झालेली. लगीन ठरवताना तिनं एकच बोलणं केलतं, "पोरीला शेणाला लावणार न्हाय. हिला फळ्यापुढं उभी करणार."

दोन वर्सं झाली तरी स्नेहल शेणातच हुती. शेजारची बनाबाई टोचायची, "काय गं बायडा, तुझी मास्तरीण आज कुठल्या वर्गावर? गोठ्याच्या व्हय?"

"थांब की. दिस काय सरलं न्हाईत," बायडाबाई म्हणायची. वरनं हासायची, पण आतनं लागायचं.

आन् मग कळंब्याकडच्या एका शाळंनं स्नेहलला बोलावलं. आदी एक धडा शिकवून दाखवायचा, त्येला डेमो म्हंत्यात. आवडला तर नोकरी. आता नशीब बघा, नेमकं त्याच आठवड्यात पंचगंगा पात्राभाईर आली. सारं गाव म्हशीसकट उचललं आन् हायवेवरच्या मंगल कार्यालयात नेऊन ठेवलं. माणसं हॉलात, म्हशी मागच्या पटांगणात.

रस्तं बंद. शाळा म्हणली, मोबाईलवरनं दाखवा. धडा कसला, तर पाण्याचं इंग्लिश शब्द. पाणी मुरून पाय रुताय लागला की मार्श. तितंच झाडं वाढली की स्वॅम्प. घरात घुसलं की फ्लड.

"न्हाय जमायचं, आत्ती," स्नेहल म्हणली. "शिकवू कुणाला? पोरं सगळी पाणी बघाय पळाल्यात."

"पोरं कशाला? आमी हाय की. हितं सगळ्या कोऱ्याच पाट्या हाईत."

"आन् शेवटचा शब्द मलाच सांगाय येईना झालाय. ओव्हरव्हेल्म्ड. म्हंजे पाण्यानं पार बुडवून टाकायचं. माणसाचंबी तसंच हुतंय म्हणं, एवढं काय काय दाटून येतंय की बोलाय सुदरत न्हाय. ह्यो दाखवू कसा?"

"पैलं तितपतूर जा तर. मग बघू."

दुपारी बाया सतरंजीवर बसल्या. बनाबाईला पैल्या रांगेत घेतली, मागं बसली तर पान लावत बसंल म्हणून. बायडाबाईचा ल्योक आकाराम मोबाईल धरून उभा. मोबाईलमदी शाळंच्या मोठ्या बाई, चष्मा नाकावर आलेला.

सुरवातीला पोरीचा आवाजच फुटंना. मग तिनं बायकास्नी उभं केलं आन् लुगडी घोट्याच्या वर धराय लावली. "मार्श. पाय रुतलाय, उचला." समद्यांनी पाय उचलला. "फ्लड. हात कंबरंला."

बनाबाईनं बोट वर केलं. "बाई, माझं नवं कपाट गेलं ते कशात धरायचं?"

"फ्लडमदी, आज्जी."

"मग त्यो शब्द माझा पाठ झाला."

मोबाईलमदल्या बाई खुदकन हासल्या. बायडाबाईला वाटलं, झालं की गं काम.

तेवढ्यात आकाराम कानाशी आला. "आये, मोबाईल बंद पडाय लागलाय. चार्जिंग संपत आलंय."

लाईट तर कालपासनंच न्हवती. माणसं मोटारसायकलीच्या बॅटरीवर मोबाईल लावायची. पण आकारामच्या गाडीची बॅटरी म्हातारी, गाडी चालू केल्याबिगर करंट देत न्हवती.

"मग कर की चालू. घे हितं दारात," बायडाबाई म्हणली. बोलून गेली आन् मग तिला आठवलं.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्यात म्हशी सजवून गाडीमागं पळवत्यात. गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढायची. फाटफाट आवाज झाला की म्हैस मालकाच्या मागं सुटती. आकारामनं गेल्या पाडव्याला काढलेली पुंगळी अजून बसवली न्हवती. आन् त्येच्या चंद्री म्हशीला तर रेडकू असल्यापासनं त्योच नाद.

गाडी फाटफाटली. मागं पटांगणात खुट्टा उपसल्याचा आवाज झाला. चंद्री खुट्ट्यासकट हॉलात शिरली, तिच्यामागं आणखी तीन म्हशी. बाया लुगडी धरून खुर्च्यांवर चढल्या. बनाबाईनं तर स्टेजवरची नवरीची खुर्ची गाठली. चंद्री आकारामपुढं येऊन थांबली आन् मोबाईल हुंगाय लागली. शाळंतल्या बाईस्नी तिकडं नुसती नाकपुडी दिसली आसंल.

स्नेहल खडू धरून उभी.

बायडाबाई मनात म्हणली, आपल्याच तोंडानं घालवलं. तिनं चंद्रीचं दावं धरलं आन् मोबाईलकडं बघून म्हणली, "बाई, पोरीची चूक न्हाय. म्हशीचीबी न्हाय. गाडी मी चालू कराय सांगिटली."

आन् स्नेहलला हासू फुटलं. तिनं चंद्रीच्या कपाळावर हात ठेवला. "आत्ती, आत्ता तुमाला कसं वाटाय लागलंय?"

"काय सांगू गं. भ्याबी वाटतंय, हासूबी येतंय, रडूबी येतंय. सगळं एकदमच आलंय. बोलायला सुदरंना झालंय."

"ह्येलाच म्हणायचं ओव्हरव्हेल्म्ड."

"मग मीबी तीच हाय," बनाबाई नवरीच्या खुर्चीवरनं म्हणली.

तेवढ्यात चंद्रीनं वायर चघळली आन् मोबाईल बंद पडला. बाईंनी शेवट बघितला का न्हाय, कुणाला ठावं?

पाणी उतरलं. माणसं घरं धुवाय लागली. फोन काय येईना. बनाबाई टोचायची बंद झाली, त्येचं बायडाबाईला जास्त लागलं. मग एक दिस स्नेहल भिंतीचा चिखल खरडत हुती, तवा शाळंच्या मोठ्या बाईंचा फोन आला. सोमवारपासनं या. आणखी काय म्हणल्या? तर, "ती म्हैस बरी हाय न्हवं?"

पाडव्याला चंद्रीची शिंगं रंगवली. पाठीवर स्नेहलनं आपल्या हातानं इंग्लिशमदी त्योच शब्द लिवला. आकारामनं गाडी काढली, मागं स्नेहल बसली, शाळंच्या साडीत. फाटफाट झाली आन् चंद्री शेपूट वर करून सुटली. दोन्ही कडंला माणसंच माणसं.

"काय लिवलंय गं तिच्या पाठीवर?" बनाबाईनं इचारलं.

शब्द बायडाबाईला पाठ हुता. रोज रातीला म्हणून बघायची. तिनं तोंड उघडलं, पण लांब जाणाऱ्या गाडीकडं बघता बघता तिला काय बोलताच येईना. पदर तोंडाला लावून ती नुसती उभी ऱ्हायली.

"ऱ्हाऊंदे," बनाबाई म्हणली. "कळलं मला."